इतक्यात दुसरं?

मध्यंतरी एका बारशाला गेलो होतो. थोरलीचा पहिला वाढदिवस होऊन जेमतेम दोन महिने झालेले आणि हे धाकट्याचं बारसं. पाळण्याभोवती बायकांची गर्दी, सगळ्यांच्या तोंडी कौतुक, आणि मागच्या खुर्च्यांवर हलक्या आवाजात तोच एक प्रश्न. "इतक्यात दुसरं?" हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझा धाकटा मामेभाऊ घुगऱ्यांची वाटी घेऊन उभा होता. त्यानेही ते ऐकलं असावं, कारण आमची नजरानजर झाली आणि दोघांनाही हसू फुटलं. मामीने डोळे वटारले. पण मामी, खरं सांगतो, आम्ही त्या बाळाला हसलो नाही. आमच्या डोक्यात एकदम १ जून २००९ ही तारीख आली होती.

गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. काकू, मावशी, आत्या मंडळींनी इथेच पान बंद करू नये अशी विनंती. झॉम्बी म्हणजे काय एवढं कळलं की पुढचं सगळं भाऊबंदकीचंच आहे, आणि त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. :)

नोव्हेंबर २००८ मध्ये 'लेफ्ट फोर डेड' नावाचा खेळ आला. कॅलिफोर्नियातल्या टर्टल रॉक नावाच्या लहानशा स्टुडिओत माईक बूथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला, आणि जानेवारी २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह कंपनीने तो स्टुडिओच विकत घेतला. खेळ अगदी साधा. अमेरिकेत रोगाची साथ आली आहे, बहुतेक सगळी माणसं पिसाळून झॉम्बी झाली आहेत, आणि चार जण वाचलेत. बिल हा व्हिएतनामच्या लढाईतला म्हातारा शिपाई, झोई कॉलेजातली मुलगी, फ्रान्सिस मोटरसायकलवाला गुंड, आणि लुईस हा गळ्यात टाय बांधलेला कंप्युटरवाला नोकरदार. (आम्हा आयटीवाल्यांना लुईसबद्दल जरा जास्तच जिव्हाळा.) चौघांनी मिळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. कधी हॉस्पिटलच्या गच्चीवर हेलिकॉप्टर येणार, कधी नदीवर होडी, कधी विमानतळावर विमान, कधी शेतावर लष्कराची गाडी. अशा चार मोहिमा. एकेक मोहीम म्हणजे तासा-सव्वा तासाचा सिनेमा, तिचं सिनेमासारखं पोस्टरसुद्धा.

आता ह्यातली खरी गंमत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. ह्या खेळात एकट्याने जगता येत नाही. 'हंटर' नावाचा एक झॉम्बी अंगावर झेप घेतो. तो बसला की तुम्ही कितीही पट्टीचे खेळाडू असा, स्वतःहून सुटू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी येऊन त्याला हाकललं तरच सुटका. 'स्मोकर' लांब जिभेने ओढून नेतो, तिथेही तेच. तुम्ही पडलात तर दुसऱ्याने हात देऊन उठवायचं. स्वतःकडची औषधाची पेटी स्वतःला वापरायची की मित्राला, हा दर पाच मिनिटांनी पडणारा प्रश्न. बाकीच्या खेळांत मैत्री ही हौसेची गोष्ट असते, इथे तो नियमच होता. आणि आडून सगळं चालवणारा एक अदृश्य सूत्रधार, त्याला ते 'डायरेक्टर' म्हणत. हा एक प्रोग्रॅमच होता, पण तो खेळाडूंची हालत बघून कधी झॉम्बींची लाट सोडायची, कधी श्वास घेऊ द्यायचा, औषधं कुठे ठेवायची हे ठरवायचा. त्यामुळे तोच रस्ता दहाव्यांदा चाललात तरी वेगळा वाटायचा.

आमची चौकडी अशी. मी तेव्हा पुण्यात नोकरीला, मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि त्याचे दोन वर्गमित्र. इंटरनेट म्हणजे बीएसएनएलचं ब्रॉडबँड, आणि आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत. त्यामुळे सगळा उद्योग रात्री दोनला सुरू व्हायचा. शनिवारी दोन वाजता गजर लावून उठायचं, चहा करायचा, कानाला हेडफोन लावून कुजबुजत खेळायचं. मामांना कित्येक महिने वाटत होतं की पोरगा पहाटे उठून अभ्यास करतोय. (मामा, सॉरी!)

पैशाचं गणित सांगायला हवं. खेळाची किंमत होती पन्नास डॉलरला एक सेंट कमी. व्हॉल्व्हचं 'स्टीम' नावाचं जे दुकान होतं त्यात सगळे भाव डॉलरमध्ये; रुपयात भाव दिसायला २०१५ उजाडावं लागलं. आणि २००८च्या अखेरीस डॉलर पन्नास रुपयांच्या घरात. म्हणजे अडीच हजार रुपये, एका खेळाचे. इंजिनिअरिंगच्या पोराकडे एवढे कुठून असणार? मी पहिल्याच महिन्यात घेतला. मामेभावाने घेतला तो फेब्रुवारी २००९ मध्ये, एका शनिवार-रविवारी तो निम्म्या किमतीत निघाला तेव्हा, माझ्या क्रेडिट कार्डावर. तरी साडेबाराशे झालेच. ते त्याने मला तीन हप्त्यांत फेडले. त्या दोन दिवसांत असे घेणारे जगभर किती होते ते व्हॉल्व्हचा मालक गेब न्यूवेल ह्याने त्याच महिन्यात लास व्हेगासच्या एका परिषदेत सांगितलं: विक्री ३००० टक्क्यांनी वाढली, खेळ नवा आला तेव्हाच्यापेक्षाही जास्त.

हा आकडा लक्षात ठेवा. फेब्रुवारीत घेतलेल्यांचा हिशेब पुढे जूनमध्ये मांडला गेला.

तर जून. १ जून २००९ ला लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री नावाच्या मोठ्या जत्रेत, मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात, पडद्यावर 'लेफ्ट फोर डेड २' झळकला. नवी चार माणसं, अमेरिकेच्या दक्षिणेतला प्रवास, सव्हानापासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत. हातात कुऱ्हाड, करवत, तळणीचा तवा. आणि तारीख: १७ नोव्हेंबर २००९. म्हणजे पहिल्याला वर्ष होतंय न होतंय तोच दुसरा.

लोक भडकले.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात भडकण्यासारखं काय? आवडता खेळ, त्याचा दुसरा भाग येतोय, आनंद माना की! मलाही अगदी हेच वाटलं होतं. मामेभावाचा त्या रात्री फोन आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, नको असेल तर घेऊ नकोस. कुणी बंदूक लावलीय का?" तो म्हणाला, "दादा, तुला कळत नाहीये." आणि फोन ठेवला. मला खरंच कळलं नव्हतं. कळायला बरीच वर्षं गेली, म्हणून तर हे लिहितोय.

भडकण्याची कारणं समजून घ्यायची तर आधी ही कंपनी कशी होती ते बघावं लागेल. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या न्यूवेल आणि माईक हॅरिंग्टन ह्या दोघांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह काढली. १९९८ मध्ये 'हाफ-लाईफ' आला आणि त्यांचं नाव झालं. त्याचा दुसरा भाग २००४ मध्ये, म्हणजे तब्बल सहा वर्षांनी. तोसुद्धा ३० सप्टेंबर २००३ ला येणार म्हणून जाहीर करून, ती तारीख हुकवून, वर चौदा महिने उशिरा. 'टीम फोर्ट्रेस २' तर १९९९ च्या जत्रेत दाखवला आणि लोकांच्या हातात पडला २००७ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या आठ वर्षांत पोरं कॉलेजला जाऊन, नोकरीला लागून, लग्न करून मोकळी झाली. 'व्हॉल्व्ह टाइम' असा शब्दच रूढ झाला होता. आपल्याकडे 'लग्नाचा मुहूर्त' म्हणतात आणि प्रत्यक्षात काय होतं, तसाच. पण लोक ते हसतहसत सहन करायचे, कारण वाट बघितल्यावर जे मिळायचं ते सोनं असायचं.

शिवाय 'टीम फोर्ट्रेस २' आल्यानंतर आणखी एक गोष्ट झाली होती. तो खेळ एकदा पैसे देऊन घेतला की पुढे नवं काही ना काही फुकट येतच राहायचं. एप्रिल २००८ मध्ये डॉक्टरासाठी नवी हत्यारं, मग आगवाल्यासाठी, मग पहिलवानासाठी, २००९ च्या फेब्रुवारीत स्काऊटसाठी. २१ मे २००९ ला स्नायपर आणि हेर ह्या दोघांचं एकत्र मोठं पॅकेज आलं. तेही फुकट. तारीख बघा. 'लेफ्ट फोर डेड २' जाहीर होण्याच्या अकरा दिवस आधी! एकाच कंपनीचे दोन खेळ, एकाच्या घरी दिवाळीचा फराळ पोचता होतोय आणि दुसऱ्याच्या घरी नवीन बिल.

आणि पहिला 'लेफ्ट फोर डेड' यायच्या आधी कंपनीने मुलाखतींतून सांगितलंही होतं की ह्या खेळालाही आम्ही तसंच खाऊपिऊ घालत राहू. ह्या भरवशावर लोकांनी अपुरेपण पोटात घातलं होतं. अपुरेपण होतंच हो. चारच मोहिमा. त्यातही दोन संघांनी एकमेकांविरुद्ध खेळायचा जो प्रकार होता, एक संघ माणसांचा आणि एक झॉम्बींचा, तो सुरुवातीला चारातल्या दोनच मोहिमांवर खेळता यायचा. उरलेल्या दोन मिळाल्या एप्रिल २००९ मध्ये. सोबत दीपगृहाचा एक छोटा नकाशा आणि लाटांमागून लाटा थोपवत किती मिनिटं टिकता ते बघायचा एक प्रकार. लोकांनी समजूत करून घेतली की हे पानात वाढलेलं मीठ-लिंबू आहे, वरणभात मागून येतोय. हौशी लोकांना स्वतः नकाशे बनवायची साधनंही त्याच सुमारास हाती लागत होती. माणसं नव्या वेडाने महिनोन्महिन्यांच्या कामाला बसली होती. आणि सहा आठवड्यांत वाढप्याने येऊन सांगितलं, जेवण शेजारच्या हॉलमध्ये आहे, कूपन वेगळं.

स्टीमवर बहिष्काराचा गट निघाला. काही दिवसांतच सभासद दहा हजारांवर गेले, पुढे ३७ हजारांच्या वर. मामेभाऊही त्यातला एक. त्यांचं मागणीपत्रच होतं. दुसऱ्या भागात जे देताय ते पहिल्यासाठी द्या. वेगळंच विकायचं असेल तर जुन्या गिऱ्हाइकांना सवलत द्या. पहिल्याला दिलेला शब्द पाळा. त्यात काही बालिश तक्रारीही होत्या, लपवत नाही. नवीन खेळ दिवसाउजेडी घडतो म्हणून भीती वाटणार नाही, संगीतात फिडल आहे, नवी माणसं आवडली नाहीत वगैरे. तीस सेकंदांची चित्रफीत बघून माणसं आवडली नाहीत म्हणणं म्हणजे कांदेपोहे व्हायच्या आधी फोटोवरून नकार देण्यासारखंच. टीकाकारांनी नेमक्या ह्या तक्रारी उचलल्या आणि सगळ्या चळवळीला हावरट पोरांचा हट्ट ठरवून टाकलं. मीही त्या टीकाकारांत होतो.

पण त्या मागणीपत्रात एक मुद्दा असा होता जो हट्टाचा नव्हता, आणि तो ह्याच खेळाला लागू होता, दुसऱ्या कुठल्याही नाही. ते म्हणत होते, ह्याने आमच्यात फूट पडेल.

एकट्याने खेळायच्या खेळाचा दुसरा भाग आला तर ज्याला परवडतो तो घेतो, ज्याला नाही तो जुन्यावर समाधान मानतो. कुणाचं काही अडत नाही. पण ज्या खेळाचा नियमच 'चौघं मिळून' असा आहे, तो एकट्याने विकत घेता येतच नाही. चारपैकी तिघांनी नवा घेतला की चौथ्याच्या हातातला जुना जवळजवळ मेला. दोघांनी घेतला, दोघांनी नाही, तर दोन्हीकडे अर्धवट. म्हणजे अडीच हजार रुपये खर्च करायचे की नाही हा प्रश्न त्याच्या खिशाचा राहत नाही, तो चौघांच्या मैत्रीचा होतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण माझ्याकडे पगार होता.

कंपनीचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण ते खोटं नव्हतं. ते म्हणाले, आमच्या लोकांच्या डोक्यात ज्या कल्पना आल्या त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. नवे झॉम्बी आणायचे तर नकाशे तसे लागतात, हाणामारीची हत्यारं आणायची तर झॉम्बींचं वागणं बदलायला लागतं, सूत्रधार आणखी हुशार करायचा तर सगळंच मुळापासून. तुकड्यातुकड्याने फुकट वाटता येईल असं हे नाही. आणि पहिल्याला आम्ही सोडत नाही, जरा विश्वास ठेवा.

विश्वास ठेवा असं म्हणणाऱ्या कंपन्या आपण पुष्कळ बघितल्यात. ह्या प्रकरणात मला इतिहास म्हणून रस वाटतो तो पुढच्या भागात. कंपनीने वकिलाची नोटीस पाठवली नाही, गट बंद पाडला नाही (दुकान त्यांचंच होतं, एका बटणाचं काम), की दुर्लक्षही केलं नाही. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी बहिष्कार गटाच्या दोन चालकांना विमानाचं तिकीट काढून बेलव्ह्यूच्या ऑफिसात बोलावलं आणि अर्धवट तयार खेळ त्यांच्यापुढे ठेवला. खेळा आणि सांगा. ते खेळले, आणि परत येऊन प्रामाणिकपणे लिहिलं की खेळ चांगला आहे, मजा आली.

ह्याला लगेच गमतीचं शेपूट फुटलं. ऑस्ट्रेलियातला एक हौशी नकाशे बनवणारा न्यूवेलला थट्टेने म्हणाला, मीही बहिष्कार घालतो, मलाही बोलवा. थट्टेला थट्टा होत होत गोष्ट उलटी झाली: त्यानेच न्यूवेलला आपला नकाशा बघायला ऑस्ट्रेलियाला यायचं आमंत्रण दिलं, आणि लोकांनी तिकिटासाठी चक्क वर्गणी गोळा केली. न्यूवेल खरोखर गेला! पण स्वतःच्या खर्चाने. वर्गणीचे पैसे धर्मादाय कामाला द्या म्हणाला. आता ह्याला दिलदारपणा म्हणायचं की उत्तम जाहिरात? मला वाटतं दोन्ही. आपल्याकडे जुन्या पेढीवर रागावून आलेल्या गिऱ्हाइकाला शेटजी आधी आत बोलावून चहा पाजायचे, त्यातही दोन्ही असायचंच.

२९ सप्टेंबरला पहिल्या खेळासाठी 'क्रॅश कोर्स' नावाची नवी छोटी मोहीम आली, कंप्युटरवर फुकट. (एक्सबॉक्सवाल्यांना मात्र पैसे मोजावे लागले.) म्हणजे शब्द अगदीच वाऱ्यावर सोडला नव्हता. नवा खेळ यायच्या आधीच चालकांनी बहिष्काराचा गट गुंडाळला. १७ नोव्हेंबरला दुसरा भाग आला आणि दोन आठवड्यांत वीस लाखांवर प्रती खपल्या.

इथे एका घोटाळ्याचा खुलासा करतो, कारण तो फार जण करतात. एक चित्र तुम्ही कुठेतरी बघितलं असेल: बहिष्कार गटाच्या सभासदांची यादी, आणि निम्म्याअधिक नावांपुढे हिरव्या अक्षरांत दिसतंय की गडी तोच खेळ खेळतोय ज्यावर बहिष्कार आहे. ते चित्र 'लेफ्ट फोर डेड'चं नाही. ते त्याच नोव्हेंबरात आलेल्या 'मॉडर्न वॉरफेअर २'चं. त्या खेळातून खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवायची सोय काढून टाकली म्हणून तिथेही बहिष्कार झाला होता, आणि पहिल्याच दिवशी तो असा उघडा पडला. लोकांच्या डोक्यात दोन्ही बहिष्कारांची खिचडी झाली आणि हसं दोघांचं झालं.

निदान एकाने तरी तो पाळला, हे मी शपथेवर सांगू शकतो. मी नवा खेळ घेतला, दोन वर्गमित्रांपैकी एकाने घेतला, दुसऱ्याचं शेवटचं वर्ष, तो अभ्यासाला लागला. मामेभावाने नाही घेतला. मी म्हटलं, "मी घेऊन देतो की तुला, वाढदिवसाची भेट समज." हे मी चांगल्या मनाने म्हणालो होतो. पण आता आठवलं की लाज वाटते, कारण त्याच्या आधी सहा महिने मी त्याला जिथे भेटेन तिथे "काय बहिष्कारवीर!" म्हणून चिडवत होतो. गणपतीत सगळ्यांसमोरसुद्धा. तो म्हणाला, "नको दादा." शनिवारचे दोनचे गजर बंद झाले. मी नव्या खेळात अनोळखी लोकांबरोबर खेळायचो. त्यात हत्यार म्हणून क्रिकेटची बॅट आहे हो, खरीखुरी क्रिकेटची बॅट, अमेरिकनांच्या खेळात! पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, "अरे हे बघ!" आणि हेडफोनच्या पलीकडे कोण होतं, तर कुठला तरी फिलिपिन्सचा पोरगा. त्याला काय कळणार.

त्यानंतर वर्षभर आम्ही खेळ ह्या विषयावर बोललोच नाही. घरच्या कार्यात भेटायचो, जेवायचो, परीक्षेची चौकशी वगैरे.

मग ५ ऑक्टोबर २०१० ला कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. 'द सॅक्रिफाइस' नावाची मोहीम काढली, आणि ती दोन्ही खेळांसाठी काढली, जुन्यासाठी आणि नव्यासाठी. कंप्युटरवाल्यांना फुकट. गोष्ट जुन्या चौघांची: शेवटी पूल वर उचलायचा असतो, मध्येच जनरेटर बंद पडतो, आणि कुणीतरी एकाने खाली उडी मारून तो चालू करायचा असतो. उडी मारणारा परत येत नाही. बाकी तिघं वाचतात. मूळ कथेप्रमाणे म्हातारा बिल उडी मारतो; पण तुम्ही खेळताना ती कुणीही मारू शकतो, ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

त्या शनिवारी मीच फोन केला. "जुना अजून आहे का कंप्युटरवर?" तो म्हणाला, "आहे की." एवढंच. रात्री दोनला आम्ही दोघं आणि दोन यंत्रमानव. पुलाशी आलो, जनरेटर बंद पडला, मी काही बोलायच्या आत ह्याने उडी मारली.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. जुलै २०१२ पर्यंत पहिल्या खेळातल्या सगळ्या मोहिमा दुसऱ्या खेळात आणून ठेवल्या गेल्या. म्हणजे बहिष्कारवाल्यांची 'दोन घरं नकोत' ही मागणी उलट्या बाजूने पुरी झाली. नव्याचं सामान जुन्या घरात आलं नाही, पण जुनं घर उचलून नव्यात नेलं. आणि डिसेंबर २०१३ मध्ये नाताळच्या दिवशी व्हॉल्व्हने 'लेफ्ट फोर डेड २' एका दिवसापुरता जगातल्या प्रत्येकाला फुकट दिला. चार वर्षं एक महिना बहिष्कार पाळलेल्या माझ्या मामेभावाने त्या दिवशी तो घेतला. एक छदाम न देता. मला निरोप पाठवला: "वाटाघाटी यशस्वी."

आणि ज्या कंपनीला 'इतक्यात दुसरा?' म्हणून लोकांनी फैलावर घेतलं तिने तिसरा काढलाच नाही. 'हाफ-लाईफ २'चे पुढचे तीन छोटे भाग येणार होते, त्यातला दुसरा २००७ मध्ये ऐन रंगात संपला आणि तिसरा आलाच नाही. ह्या कंपनीला तीनपर्यंत मोजता येत नाही हा विनोद आता म्हातारा झाला. टर्टल रॉकची मंडळी व्हॉल्व्हमधून बाहेर पडून पुन्हा आपल्या नावाने उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी 'बॅक फोर ब्लड' काढला, नावातच सगळं आलं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यात नवं घालणं त्यांनी थांबवलं. उलट २००९ च्या त्या खेळात चाहत्यांनी बनवलेली मोठी भर २०२० च्या सप्टेंबरमध्ये अधिकृतपणे आली.

दुसऱ्या प्रकारची घाईही असते, ती मी इथे मुद्दाम फारशी आणली नाही. म्हणजे बाळाचा पत्ता नाही आणि पेढे वाटून मोकळं व्हायचं. 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' १९९७ मध्ये जाहीर झाला आणि आला जून २०११ मध्ये, चौदा वर्षांनी. त्यावर लिहायचं तर वेगळी करमणूक होईल. पण त्यात लोकांचं नुकसान वाट बघण्याचंच झालं, असलेलं काही गेलं नाही. मला जास्त लागलं ते 'ओव्हरवॉच'चं. तो २०१६ चा खेळ, २०१९ च्या नोव्हेंबरात दुसरा भाग जाहीर. मोठं आमिष होतं सगळ्यांनी मिळून खेळायच्या नव्या कथांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा त्याच्या जागेसाठी पहिल्याचे सर्व्हर बंद केले गेले, म्हणजे पैसे देऊन घेतलेला पहिला खेळ खेळताच येईना. आणि मे २०२३ मध्ये सांगितलं की त्या आमिषातला मोठा भाग रद्द. २००९ च्या पोरांना जी भीती वाटत होती, की नवा आणायला जुना मारतील, ती अशी तेरा वर्षांनी आणि दुसऱ्याच घरात खरी झाली.

आणि त्यांना जे हवं होतं तेही मिळालं. दुसरा भाग नको, त्याच खेळात नवनवीन घालत राहा. 'टीम फोर्ट्रेस २'ने सप्टेंबर २०१० मध्ये खऱ्या पैशांनी टोप्या आणि हत्यारं विकायचं दुकान थाटलं, जून २०११ मध्ये खेळच फुकट केला, आणि फुकटच्या खेळात पेटाऱ्याची किल्ली विकत घेऊन आत काय निघतं ते बघत बसायची सवय लावली. मग सगळ्या धंद्याने ती वाट धरली. हे मी मामेभावाला एकदा म्हटलं, की बघा, तुम्ही मागितलंत ते हे. तो म्हणाला, "आम्ही टोप्या नव्हत्या मागितल्या दादा. आम्ही म्हणत होतो की जे सांगितलंत ते द्या, आणि चौघांना एकत्र राहू द्या." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला चहा विचारला.

आता तो बंगळूरला असतो, मी पुण्यातच. दोन वाजताचे गजर आता झेपत नाहीत, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तासभर जमतं. त्या दोन वर्गमित्रांपैकी एक कॅनडातून येतो, त्याची ती पहाट असते. चौथ्या जागेवर हल्ली माझी पुतणी बसते, वय चौदा, आणि तिला ह्यातलं काहीही माहीत नाही. परवा पुलावर जनरेटर बंद पडला. आम्ही तिघं सवयीने मामेभावाची वाट बघत उभे. तो म्हणाला, "आज दादा जाईल."

गेलो.